पीडब्ल्यूडीत गेलेली नोंद

आमच्या साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या खोलीबाहेर चपला काढायची पद्धत आपोआप पडली. पाटी कुणी लावली नव्हती. मशीन बसवायला पुण्याहून आलेले इंजिनियर फक्त म्हणाले होते की आत धूळ चालणार नाही. पण आमच्याकडं धूळ चालत नाही अशा जागा दोनच, देऊळ आणि दर्गा. त्यामुळं लोक दारात चपला काढत, काहीजण तर हात जोडूनच आत येत. कारखान्यातला एकुलता एक एसी याच खोलीत होता, म्हणून त्यातली भक्ती किती आणि गारव्याची ओढ किती, हे सांगणं अवघड.

त्या देवळातली पुजारीण मी. राहणारी मुरुमची, वय बावीस, सोलापुरात सहा महिन्यांचा कोर्स केलेला आणि जीभ जरा जास्तच तिखट. नोकरी हंगामी. साखर कारखान्यात हंगामी या शब्दाला दुसरा अर्थ नसतो. गाळप संपलं की घरी जायचं आणि पुढच्या दिवाळीत परत बोलावतील की नाही याची वाट बघायची. मी चुकले तर मला परत बोलावणार नाहीत, ही भीती माझ्या डोक्यात सदा असायची. ती मी कुणाला दिसू देत नसे. उलट आवाज चढवून बोलत असे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि पाऊस लागोपाठ हुलकावणी देत होता. विहिरींनी तळ दाखवला होता, ऊस उभ्या जागी वाळत होता. वाळता ऊस दिवसागणिक वजनाला घटतो. अशा वर्षी कुणाचा ऊस आधी तोडायचा हा जिवामरणाचा प्रश्न होऊन बसतो. नियम साधा होता. ज्याची लागण आधी, त्याची तोडणी आधी. पण रजिस्टरातली लागणीची तारीख पाहुण्यारावळ्यांसाठी मागं सरकायची, हे सगळ्यांनाच माहीत. म्हणून हे मशीन आणलं. "मशीन कुणाचा पाहुणा नाही," असं आमचे शेतकी अधिकारी येईल त्याला सांगत. मला ते वाक्य फार आवडायचं.

माझ्यासोबत काम करायला शेतकी खात्यातले नोंद-कारकून होते. त्यांना सगळे चाचा म्हणत. रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेली, शाळा उर्दूतून झालेली, मराठी अक्षर असं की रजिस्टर वाचायला नाही, नुसतं बघायला घ्यावं. इंग्रजी अक्षरं त्यांना सुटी सुटी ओळखता येत. चारपाच एकत्र आली की मात्र ती परकी होत. तरी ते माझ्या मागं उभे राहून पडद्यावरचं एकेक अक्षर मोठ्यानं वाचत. मला त्याचा राग येई, पण बोलत नसे. सगळ्या कारखान्यात मी दबकून असायची ती या एकाच माणसाला.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, "बेटी, ही फाईल फाईल म्हणतीस, ती ठेवलीस कुठं? कपाट तर दिसत न्हाई."

मी म्हणाले, "चाचा, कपाटं आतच आहेत. कपाटात कपाट, त्यात आणखी कपाट. आणि फाईलचा पत्ता उलटा लिहायचा. आपण आधी माणूस लिहितो, मग मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. हिथं आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, आणि माणूस शेवटी. दोन नावांच्या मधे एक तिरकी रेघ."

"म्हंजे नुसतं नाव सांगून भागणार न्हाई."

"कसं भागेल? एका नावाची दोन माणसं दोन गावात असतातच की."

त्यांना ते फार पटलं. पुढं ते शेतकऱ्यांनाही सांगू लागले की मशिनमधे जिल्ह्यापासून सांगावं लागतं, नुसत्या मुक्काम पोस्टावर काम होत न्हाई. मी शिकवलेलं दुसऱ्याला पटलं याचा मला मोठा गर्व झाला. पण शिकवणारीनं स्वतः तसं वागायचं असतं, ते राहून गेलं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी एक बाई दारात आली. पन्नाशीची, काटक, पदर कमरेला खोचलेला. कर्नाटकच्या शिवेजवळच्या एका लहान गावातली. तिथल्या बौद्ध वस्तीत पहिला ऊस हिनं लावला होता, नवऱ्यामागं, दोघी जावांनी मिळून विहीर खोल करून. हे मला चाचांनी हळू आवाजात सांगितलं. नोंद त्यांनीच घेतली होती आणि ती त्यांच्या नीट लक्षात होती, कारण तिनं अंगठा न देता सही केली होती.

"बाई," ती मला म्हणाली, "टोळी उद्या सांजच्याला गाव सोडतीया. समद्यांच्या चिठ्ठ्या आल्या, माजीच न्हाय आली. लागण गेल्या पौषातली हाय माजी. माज्या मागनं लावल्याला ऊस बी गेला."

ऊस तोडणाऱ्या मजुरांची टोळी एकदा गावातून हलली की त्या हंगामात परत येत नाही. तोडणीची चिठ्ठी मशिनमधल्या नोंदीवरूनच निघायची, आणि ती नसेल तर टोळी उसाला हात लावत नाही. आणि चिठ्ठी ज्याची त्याच्याच हातात, सही घेऊनच द्यायची असा सक्त हुकूम होता, कारण त्या वर्षी चिठ्ठ्या पळवल्या जात होत्या. म्हणजे त्या बाईच्या हाती एक दिवस होता.

मी तिच्या गावाची फाईल उघडली. नाव बरोबर होतं आणि आत एक अक्षर नव्हतं. त्या गावच्या नोंदी नऊच, उशिरा आलेल्या, आणि त्या मीच चढवल्या होत्या, मला लख्ख आठवत होतं. बाकीच्या आठ जणांनी कुणी संचालक, कुणी गटाचा माणूस गाठून हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या मिळवल्या असणार. म्हणून आजवर बोभाटा झाला नव्हता. हिला कुणी गाठायला नव्हतं, म्हणून ही सरळ मशिनपाशी आली होती.

फाईल शोधायचं फर्मान मला येत होतं. चाचा ऑर्डरला फर्मान म्हणत, आणि मलाही तोच शब्द लागला होता. जिल्ह्यापासून, म्हणजे अगदी मुळापासून, प्रत्येक कपाट उघडून या नावाची फाईल शोध, असं मशिनला सांगितलं. मशीन बराच वेळ कुरकुरलं आणि काही न बोलता पुढच्या हुकमाची वाट बघत बसलं. म्हणजे कुठंच नाही? मी घाबरले. निदान आपण उभे कुठं आहोत ते बघावं म्हणून दुसरं फर्मान दिलं. ते तीन अक्षरांचं असतं. ते दिलं की आपण सध्या ज्या कपाटापुढं आहोत त्याचा जिल्ह्यापासूनचा अख्खा पत्ता मशीन लिहून दाखवतं.

माझ्या मागून चाचांनी ती तीन अक्षरं मोठ्यानं वाचली, "पी... डब्ल्यू... डी."

आणि ते तडक दाराशी गेले. मला त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "मावशी, तुमची नोंद पीडब्ल्यूडीत गेलीया. मशीननं आत्ताच सांगितलं."

आमच्याकडं पीडब्ल्यूडी म्हणजे बांधकाम खातं. रस्ते, पूल, डांबर. दुसरा अर्थ शेंबड्या पोरालाही माहीत नाही. बाई एवढंच म्हणाली, "व्हय? तालुक्याला?" आणि तिच्या आवाजात मला आश्चर्य कमी आणि हुरूप जास्त वाटला. ती लगेच निघाली, तीनची एसटी गाठायची म्हणून.

मी हसले. खरंच हसले. आणि खुर्चीवरून उठले नाही.

इतक्या वर्षांनी यावर सारवासारव करण्यात अर्थ नाही. नोंद कुठं गेली ते मला माहीत नव्हतं, पण पीडब्ल्यूडीत गेली नाही एवढं नक्की माहीत होतं. दारापर्यंत दहा पावलं होती. "मावशी थांबा, चूक माझी आहे," म्हटलं असतं तर शेतकी अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथं हातानं चिठ्ठी लिहून दिली असती, बुधवारी सकाळी टोळी तिच्या फडात शिरली असती. पण मग मशीन पाहुणा नाही म्हणणाऱ्या साहेबांपुढं मला उभं राहावं लागलं असतं. मला वाटलं, ही गेली तर बरं, तेवढ्यात शोधून ठेवू, कुणाला कळायचंही नाही. चाचांचीसुद्धा चूक मी दुरुस्त केली नाही. ते खुशीत होते, मशिनची भाषा आपल्याला वाचता आली म्हणून.

बुधवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी जाऊन मी मशिनसोबत आलेलं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. तिसऱ्याच ओळीला कपाळावर हात मारून घेतला. शोध म्हटल्यावर मशीन शोधतं, पण सापडलेलं दाखव म्हणून वेगळं सांगावं लागतं. फर्मानाच्या शेवटी तो एक शब्द मी विसरले होते. काल मशिनला सगळं सापडलं होतं. मी विचारलं नव्हतं म्हणून ते बोललं नव्हतं.

तो शब्द जोडला आणि पडद्यावर दोन ओळी आल्या. दोन पूर्ण पत्ते, शेवटचं नाव दोन्हीकडं एकच. पहिला पत्ता या हंगामाच्या कपाटातला, रिकामा. दुसरा 'सराव' नावाच्या कपाटातला. इंजिनियरांनी मला शिकण्यापुरतं ते कपाट करून दिलं होतं. नोंदी चढवल्या त्या दिवशी मी सरावात उभी होते आणि हंगामात आहे असं समजून नऊ माणसांचा ऊस तिथं ठेवून दिला होता. चाचांना जिल्ह्यापासून सांगायला शिकवणारी मी, स्वतः मात्र मुक्काम पोस्टावर भागवलं होतं.

चाचा आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. तीन अक्षरांचा अर्थही. ते खुर्चीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"या अल्ला," मग म्हणाले, "म्या त्या बाईला हाकललं की गं."

"तुम्ही नाही चाचा. मला ऐकू आलं होतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आता बोलत बसू नको. चिठ्ठी काढ. साहेबाची सही म्या आणतो."

सही कशी आणली ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि विचारायचा धीर मला झाला नाही. चिठ्ठी आणि सहीचं रजिस्टर पिशवीत घालून मी मिळेल त्या पहिल्या एसटीनं तालुक्याला गेले.

बांधकाम खात्याच्या आवारात डांबराची रिकामी पिंपं आणि एक बंद पडलेला रोलर होता. बाई व्हरांड्यात बसली होती. काल एसटी पोचेपर्यंत कचेरी बंद झाली होती, म्हणून रात्र तिनं तिथल्याच भाचीकडं काढली होती आणि कचेरी उघडायच्या आधी येऊन बसली होती. आत एक चष्मेवाले कारकून धुळीनं माखले होते. त्यांच्यापुढं जुन्या हजेरीपटांचा ढीग होता.

"तुम्ही कारखान्याच्या का?" ते मला म्हणाले. "अहो, बाहत्तर सालचे कागद हिथं नसतात. पण या बाई ऐकेनात. जीव राहवेना, म्हणून कपाट उपसलं."

बाहत्तर सालाचं काय, ते मला कळेना. मी बाईकडं वळले. ती मला बघून उठली, तिच्या तोंडावर हसू होतं.

"तुमचं मशीन लई हुशार हाय बघ," ती म्हणाली. "बाहत्तरच्या दुष्काळात म्या ह्यांच्याच रस्त्यावर खडी फोडली. आठ म्हयने. मुकादमानं पटावर माजं नाव लिवलं हुतं, मालकाचं न्हाय, माजं सोत्ताचं. त्याच्या आदी माजं नाव कुटंच कागदावर नव्हतं. समदे म्हणले, ते पट गेले जळून. आन् तुमच्या मशीनला गावलं. म्हणलं, उसाचं हुईल तवा हुईल, आदी नाव तर बघून येऊ."

म्हणून तो हुरूप. ती फसली नव्हती, तिनं अगदी बरोबर हिशेब लावला होता. मशिनला सगळं ठाऊक असतं, मशीन म्हणतं माझी नोंद पीडब्ल्यूडीत, आणि पीडब्ल्यूडीत माझं नाव होतंच. चुकलं कुठं काही?

हे सगळं मी ऐकलं. आणि तरी मी काय म्हणाले? मी म्हणाले, "मावशी, मशीनची गफलत झाली. नोंद कारखान्यातच होती. ही घ्या चिठ्ठी."

चिठ्ठी तिनं घेतली, सही केली, एकेक अक्षर जोडत. मग मला विचारलं, "म्हंजी माजं नाव हितं न्हाय?"

आतले कारकूनच म्हणाले, "असंल हो बाई. असणारच. मला गावलं न्हाई, एवढंच."

तिनं मान हलवली आणि पिशवी उचलली. त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही, याची रुखरुख मला आहे. त्या दिवशी त्या बाईशी नीट वागलेला तो एकटाच.

आम्ही दोघी तिच्या गावात पोचेपर्यंत दुपार टळली होती. टोळीनं पालं सोडली होती, भांडीकुंडी बैलगाड्यांत भरली होती. टोळीचा मुकादम बीडकडचा होता. त्यानं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ही कालच का न्हाई आणली? सकाळी दुसऱ्या गावात फड लावायचाय मला."

"आता आणली की," मी नेहमीच्या तोऱ्यात म्हणाले. मग आवाज खाली आणला. "दादा, एवढा तोडा. पाया पडते."

तो म्हणाला, "चिठ्ठी हाय म्हणल्यावर तोडावंच लागंल. पर अंधार पडोस्तर निघंल तेवढाच. मग मला बोलायचं न्हाई."

भरलेल्या गाड्यांतून कोयते परत बाहेर निघाले. सकाळपासून राबलेल्या त्या नवराबायकोच्या जोड्या कुरकुर न करता फडात शिरल्या. बाईनं स्वतः कोयता घेतला, तिच्या जावेनं घेतला. मला तोडता येत नव्हतं, म्हणून मी मोळ्या बांधायला लागले. उसाच्या पातीनं हात चिरतात हे मला त्या दिवशी कळलं. ऊस हलका लागत होता, पाणी आटल्यावर लागतो तसा. कारखान्यात मी त्याचे आकडे चढवत असे, हातात कधी घेतला नव्हता.

दिवस मावळला. मुकादमानं हाळी दिली, कोयते थांबले. अर्ध्याहून जास्त फड आडवा झाला होता. बाकीचा उभा होता. त्या राहिलेल्या उसाचं पुढं काय होणार, तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आठ दिवसांत त्याचं चिपाड होणार, मग जनावरांपुढं टाकायचा. बाई बांधावर उभी राहून त्याच्याकडं बघत होती. तिनं कुणाला दोष दिला नाही. टोळीतल्या बायकांना तिनं घरचं पाणी आणून पाजलं. तिच्या विहिरीत तेवढंच उरलं असावं.

माझी शेवटची एसटी जायची वेळ झाली होती. मी निघाले, दोन सऱ्या ओलांडल्या आणि परत फिरले. तसं निघून जाणं मला जमेना.

"मावशी," मी म्हणाले, "मशीनची गफलत नव्हती. नोंद मी चुकीच्या जागी ठेवली. आणि चाचा तुम्हाला पीडब्ल्यूडी म्हणाले, ते मी ऐकलं होतं. ते खरं नाही हे मला तेव्हाच माहीत होतं. मी गप्प बसले. नोकरी जाईल म्हणून."

उसाच्या वाढ्यांची एक मोळी, गुरांना घालायची, तिनं पायानं दाबून आवळली. गाठ मारली.

"तवा बोलली असतीस," तिनं मान वर न करता विचारलं, "तर समदा निघाला असता?"

"हो," मी म्हणाले. "सगळा निघाला असता."

तिनं एकदा उभ्या उसाकडं पाहिलं. रडले असते तर ती माझीच समजूत काढत बसली असती, म्हणून मी दात आवळून उभी राहिले. तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली, ती नीट केली आणि मोळीपाशी वाकली.

"उबी काय ऱ्हायलीस," ती म्हणाली, "उचलू लाग."